कॅसेटपासून पीएस ५ पर्यंत: प्रत्येक पिढीनं घराकडं काय मागितलं?

मांजराथडी (लातूर)

नमस्कार मंडळी,

कन्सोलच्या, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या मशीनच्या पिढ्यांचा विषय निघाला की बोलणं लगेच ग्राफिक्सवर जातं. पिक्सेल किती, फ्रेम किती, डबक्यात आभाळ दिसतं का नाही. ते मलाही आवडतं. पण आपल्या भागात बसून हा सगळा प्रवास बघितला तर मला दुसरीच गोष्ट ठळक दिसते. प्रत्येक नव्या पिढीनं घराकडं काहीतरी नवीन मागितलं. पहिल्या डब्याला टीव्ही आणि लाईट पुरायची. पुढं मेमरी कार्ड लागलं, मग हार्ड डिस्क, मग नेट. आता नेट नुसतं असून भागत नाही, ते रात्रभर टिकावं लागतं. या मागणीप्रमाणं गेमची घडण बदलली आणि कोण खेळणार, कोण नाही, हेही त्यातूनच ठरलं, असं माझं म्हणणं आहे. पटत नसेल तर खोडून काढा, त्यासाठीच धागा काढलाय.

आपल्यापैकी बऱ्याच जणांची सुरुवात 'टीव्ही गेम'वर झाली. ते डबे म्हणजे निन्टेन्डो कंपनीच्या फॅमिकॉम या कन्सोलच्या नकला. मूळ फॅमिकॉम जपानात १९८३ ला आला. आमच्या गल्लीत त्याची नक्कल पोचली तोवर तिकडं प्लेस्टेशन सुद्धा जुना होत आला होता. फॅमिकॉमची कामाची मेमरी फक्त २ केबी. १९८५ चा सुपर मारिओ अख्खा ४० केबीत बसवलेला. जागा वाचावी म्हणून त्यातला वरचा ढग आणि खालचं झुडूप ही एकच आकृती आहे, रंग तेवढा बदललाय. आडव्या एका ओळीत आठपेक्षा जास्त हलती चित्रं ते मशीन काढू शकत नव्हतं, म्हणून कॉन्ट्रा या गोळीबाराच्या गेममध्ये गर्दी झाली की गोळ्या लुकलुकायच्या. पोरांना वाटायचं कॅसेट खराब आहे, आणि कॅसेट काढून फुंकर मारली जायची. फुंकरीनं खरं तर पिनांना दमट हवा लागते. कॅसेट पुन्हा नीट बसल्यामुळं गेम चालू व्हायचा.

पण मला सांगायचंय ते सेव्हबद्दल. मारिओ किंवा कॉन्ट्रात सेव्ह नव्हतं. अमेरिकेत १९८७ ला झेल्डा या गेमच्या कॅसेटमध्ये बॅटरी बसवून सेव्ह देणं सुरू झालं होतं. आपल्याकडच्या 'शेकडो गेम एकात' वाल्या कॅसेटींत असला गेम मी तरी पाहिला नाही. त्या कॅसेटींत खरे गेम थोडेच असायचे, तेच गेम वेगवेगळ्या लेव्हलपासून सुरू करून यादी लांबवलेली. म्हणजे लाईट गेली की खेळ पहिल्यापासून. २००५ च्या पुढची लोडशेडिंगची वर्षं आठवा. आमच्या खेड्याकडच्या नातेवाइकांकडं दिवसाचा मोठा भाग लाईटच नसायची, आणि हे डबे तेव्हाही जोरात चालू होते. मारिओत पहिल्या वर्ल्डच्या दुसऱ्या भागातून थेट चौथ्यात आणि चौथ्याच्या दुसऱ्या भागातून थेट आठव्यात जायची वाट आहे. ज्याला ती ठाऊक, तो लाईट जायच्या आत शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचायचा. त्या पिढीचे गेम छोटे आणि कठीण का, याचं कारण मेमरी आणि पैसे टाकून खेळायच्या मशीनचा वारसा. पण ते आपल्या लाईटच्या वेळापत्रकात बसले, हे नक्की.

तुमच्याकडं काय होतं? गेम पार्लरवाले कुणी असतील तर जरूर लिहा.

---

पूर्णाजंक्शन (परभणी)

पार्लरवाला हजर आहे. आधी पीएस १ (म्हणजे सोनीचा पहिला प्लेस्टेशन) आणि मग पीएस २, बरीच वर्षं चालवलं. पीएस १ जपानात डिसेंबर १९९४ ला आला. आमच्याकडं लई उशिरा, जुना होऊन आला. तरी पोरं दाराशी वाट बघायलती.

मांजराथडी, तुमच्या सेव्हच्या मुद्द्याला जोड देतो. पीएस १ चं मेमरी कार्ड १२८ केबीचं, त्यात वापरायला १५ ब्लॉक. पीएस २ चं ८ एमबीचं. मशीन पार्लरचं, टीव्ही पार्लरचा, डिस्क पार्लरची, पण कार्ड पोराचं स्वतःचं. खिशात घेऊन यायलते, लावायलते, कालच्या ठिकाणाहून पुढं खेळायलते. सॅन अँड्रिआस (जीटीए मालिकेतला गेम) घरी मशीन नसताना अख्खा पूर्ण केलेली पोरं मी पाहिलीत. कॅसेटच्या काळात हे जमलंच नसतं. एवढ्याशा कार्डानं गेम लांबला. तासाच्या पैशात न मावणाऱ्या गोष्टी आल्या. १९९७ ची फायनल फॅन्टसी सात तीन सीडींवर होती. एका सीडीत ६५० एमबीच्या आसपास मावायचं, कॅसेटच्या मानानं ते आभाळच. निन्टेन्डो ६४ कॅसेटवरच राहिला, तिथं १९९८ चा ओकारिना ऑफ टाइम ३२ एमबीत बसवला. कॅसेटला लोडिंग नव्हतं हा तिचा गुण, पण जागा कमी आणि बनवायला महाग.

लाईटीचं म्हणाल तर मी जनरेटर ठेवला होता. एकाच मशीनवर दोघं टेकन थ्री खेळायलेत आणि मागं चार जण बघायलेत, तेवढ्यावर डिझेल निघायचं. पीएस २ लाईट फार खात नव्हता, साधारण ५० वॅटच्या आसपास. त्यापेक्षा तेव्हाचा जाड टीव्हीच जास्त खायचा.

आणखी एक. माझ्याकडं सगळ्यात जास्त काय चाललं? ईए कंपनीचा क्रिकेट ०७. नोव्हेंबर २००६ ला आला, पीसी आणि पीएस २ वर. तोपर्यंत मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स ३६० बाजारात येऊन वर्ष झालं होतं, पीएस ३ पण त्याच महिन्यात आला, पण हा गेम त्या पिढीत गेलाच नाही. ईएनं क्रिकेट तिथंच सोडलं. म्हणून पोरं पुढच्या पिढीवर जायला तयार नव्हती. ३६० आणला असता तर त्यावर काय लावणार होतो? मशीन ताकदवान झालं म्हणून गिऱ्हाईक जात नाही, त्याचा खेळ तिथं असला तर जातं. पीसीवर लोक आजही नवीन संघ, नवीन जर्सी घालून तोच गेम खेळायलेत.

---

टीव्हीसेंटर (छत्रपती संभाजीनगर)

धागा मस्त. पण ग्राफिक्सला दोघांनी फार लवकर बाजूला सारलं. मशीनला काय झेपत नाही, यावर गेम कसा दिसणार आणि कसा खेळला जाणार हे ठरत आलंय.

पीएस १ चे गेम आठवा. भिंती, रस्ते चालताना थरथरायचे, वाकायचे. कारण ते मशीन त्रिकोणाचं प्रत्येक टोक पडद्यावर पूर्ण पिक्सेललाच ठेवायचं, अधलंमधलं स्थान नाही. शिवाय भिंतीवरचं चित्र चिकटवताना ती भिंत किती लांब आहे याचा हिशोबच नसायचा. निन्टेन्डो ६४ ला तो हिशोब यायचा, पण चित्रासाठी हाताशी जागा फक्त ४ केबी, म्हणून तिथं सगळं पुसट दिसायचं. एकाच पिढीतल्या दोन मशीनची दोन वेगळी दुखणी. १९९९ च्या सायलेंट हिलनं तर यातूनच वाट काढली. लांबचं काढता येत नाही ना, मग अख्ख्या गावावर धुकं पसरवलं, आणि तेच धुकं गेमचा जीव झालं.

पूर्णाजंक्शन दादांनी सॅन अँड्रिआसचं नाव काढलं. त्यातही लांबवर तांबूस धूसर पट्टा असायचा. पीएस २ ची मेमरी ३२ एमबी, त्यात अख्खं राज्य मावत नाही, म्हणून लांबचं झाकलेलं. त्यामुळं ते राज्य अफाट वाटायचं. २०२१ ला त्याची नवी आवृत्ती आली आणि धुकं निघालं, तर एका टेकडीवरून सगळी शहरं एकदम दिसायला लागली. जग एका नजरेत संपलं. लोकांनी इतकी तक्रार केली की पुढं धुकं परत द्यावं लागलं. माझ्या मते पिढ्यांबद्दल यातून जेवढं शिकायला मिळतं तेवढं आकडे घोकून मिळत नाही.

आता या नव्या पिढीतला खरा बदल सांगतो, एसएसडी, म्हणजे आत काहीच न फिरणारी, चिपवरची डिस्क. पीएस ४ मध्ये फिरती हार्ड डिस्क. तिची सुई एका जागेवरून दुसरीकडं जाण्यात वेळ जातो. म्हणून स्पायडर-मॅनसारख्या गेममध्ये टपालपेटी, दिवा असल्या वस्तूंचा डेटा डिस्कवर शेकडो ठिकाणी परत परत लिहून ठेवायचे, म्हणजे सुई जिथं असेल तिथं तो जवळ सापडेल. पीएस ५ चा शिल्पकार मार्क सर्नी यानं मार्च २०२० च्या भाषणात हे सविस्तर सांगितलंय. पीएस ५ ची एसएसडी सेकंदाला ५.५ जीबी वाचते. त्यामुळं ही पुनरुक्ती गेली, आणि तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट जायला लागली. पीएस ४ च्या काळात नायक सारखा दोन खडकांच्या फटीतून अंग चोरून जायचा, लिफ्टमध्ये उभं राहून गप्पा मारायचा. २०१८ चा गॉड ऑफ वॉर आठवा. ते सगळं पुढचा भाग लोड होईपर्यंत आपल्याला गुंतवून ठेवणं होतं. २०२१ च्या रॅचेट अँड क्लँकमध्ये एका जगातून दुसऱ्यात क्षणात उडी मारता येते, कारण आता थांबायची गरजच नाही.

मात्र मांजराथडींचा मुद्दा मी अर्धा मान्य करतो. याची किंमत वेळेत मोजावी लागते. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीनं पीएस २ वर २००१, २००२ आणि २००४ असे तीन मोठे जीटीए दिले. मग २००८, मग २०१३. आणि तो २०१३ चा पाचवा जीटीए पीएस ३, पीएस ४, पीएस ५ अशा तीन पिढ्यांवर विकला गेला. पूर्वी एका पिढीत तीन गेम, आता एका गेमला तीन पिढ्या. इतक्या बारकाईनं जग उभं करायला माणसं आणि वर्षं लागतात, त्याला इलाज नाही.

---

बालाघाटरांग (अंबाजोगाई)

मी शिक्षिका आहे, आणि इथल्या चर्चेत एक बाजू राहिलीय ती मांडते.

टीव्ही गेम घरात होता. समोरच्या खोलीत, सगळ्यांच्या टीव्हीला जोडलेला. दोन रिमोट डब्यालाच चिकटलेले, वायर आखूड, त्यामुळं दोघांना शेजारी-शेजारी बसावंच लागायचं. आम्ही बहिणी आणि आत्याची लेकरं कॉन्ट्रा जोडीनं खेळलो. एकानं पुढं पळून चालत नाही, मागचा वर चढताना पडदा सरकवला की तो मरतो. जोडीदाराकडं बघत खेळावं लागतं. बंदुकीनं बदकं मारायचा गेमही होता. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होऊन बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड टिपतो. जुन्या काचेच्या टीव्हीचा उजेड ठरलेल्या क्षणी पडतो म्हणून ते जमायचं. आजच्या सपाट टीव्हीवर ती बंदूक चालत नाही, कारण चित्र थोडं उशिरा येतं. आमच्या आजीनंही ती बंदूक हातात घेतलीय.

मग प्लेस्टेशनचा काळ आला आणि गेम घरातून पार्लरात गेला. मशीन घरी घेण्याइतकं स्वस्त नव्हतं, डिस्का वेगळ्या, कार्ड वेगळं. पूर्णाजंक्शन दादा, तुमच्या पार्लरचं वर्णन वाचून छान वाटलं, आणि तुम्ही प्रत्येक वाक्यात 'पोरं' लिहिलंय ते खरंच आहे. तिथं मुलगी गेली असती का? मला कुणी 'जाऊ नको' म्हटलं नाही, ते विचारण्याचीसुद्धा वेळ आली नाही. माझ्या वयाच्या कितीतरी मैत्रिणींचा खेळ त्या एका पिढीत सुटला. टेकन, सॅन अँड्रिआस, गॉड ऑफ वॉर ही नावं आम्हाला भावांच्या तोंडून माहीत. पीएस २ जगभर १५ कोटींच्या वर विकला गेला, सगळ्यात जास्त खपलेला कन्सोल म्हणून त्याचं कौतुक होतं. आपल्या तालुक्यांत तो अर्ध्या लेकरांपर्यंत पोचलाच नाही, ही बाब त्या कौतुकात कुठं येत नाही. म्हणून मांजराथडी यांचं 'कोण खेळणार हे ठरलं' हे वाक्य मला फार महत्त्वाचं वाटलं.

माझ्या वर्गातल्या मुली आज फोनवर खेळतात, बिनधास्त खेळतात. पण फोनवर प्रत्येकाचा पडदा वेगळा. शेजारी बसून खेळणं मोठ्या कन्सोलवरही कमी झालं. पडदा दोन भागांत वाटायचा तर मशीनला तेच जग दोनदा काढावं लागतं, म्हणून कंपन्या ते टाळतात. हेलो हा गेम घरात मित्रांबरोबर खेळण्यासाठीच गाजलेला. पण २०१५ च्या हेलो ५ मधून पडदा-वाटणी गेली आणि २०२१ च्या हेलो इन्फिनिटमध्ये एकाच टीव्हीवर पडदा वाटून कथा खेळायची सोय देऊ म्हणाले आणि २०२२ ला ती रद्द केली. ताकद शंभर पटींनी वाढलेल्या मशीनवर शेजारच्या माणसाला जागा नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. त्याच २०२१ साली इट टेक्स टू आला. तो एकट्यानं खेळताच येत नाही, आणि गेम अवॉर्ड्समध्ये वर्षाचा सर्वोत्तम गेम ठरला. म्हणजे लोकांना हवंय. घरी लेकीबरोबर तोच खेळते आहे.

---

पूर्णाजंक्शन (परभणी)

ताई, तुमचं बरोबर आहे. मी मुलींसाठी दुपारची वेळ वेगळी ठेवू शकलो असतो. तेव्हा हा विचार कुणाच्याच मनात नव्हता, आमच्या लाईनीत तर नाहीच. आज चालवत असतो तर पहिलं तेच केलं असतं.

---

गोदातीर (नांदेड)

वाचत होतो, आता कामाचं विचारतो. मुखेड तालुक्यात बहिणीचं घर आहे, भाचा आणि भाची दोघं शाळेत. दोघांना मिळून एक कन्सोल घ्यायचाय. गावात लाईट आता बरीच असते, पण व्होल्टेज वर-खाली होतं. नेट म्हणजे मोबाईलचंच, गच्चीवर चांगलं, खोलीत कधी आहे कधी नाही. नव्या पिढीचं घ्यावं का जुन्या? दुकानदार डिस्क नसलेलं स्वस्त म्हणून पुढं करतोय.

---

टीव्हीसेंटर (छत्रपती संभाजीनगर)

गोदातीर दादा, तुमच्या गावासाठी डिस्क नसलेलं मशीन अजिबात घेऊ नका. प्रत्येक गेम डाउनलोड करावा लागेल. २०१८ चा रेड डेड टू दोन ब्लू-रे डिस्कवर आला होता, १०० जीबीच्या घरात. मोबाईलच्या नेटवर तसला एक गेम उतरवायला किती दिवस जातील बघा. शिवाय डिस्क असली की भाचा ती मित्राला देऊ शकतो, नको झाली की विकू शकतो.

मात्र डिस्क घेतानाही आत काय आहे ते बघून घ्या. २०२२ च्या मॉडर्न वॉरफेअर टूच्या पीएस ५ डिस्कवर अवघा ७० एमबीच्या आसपास डेटा होता, बाकी सगळं नेटवरून. निन्टेन्डोच्या २०२५ च्या स्विच टूला तर काही गेमचं कार्ड असं येतं की त्यात गेम नसतोच, फक्त डाउनलोडची किल्ली असते. दिसायला कॅसेट, आत गेम नाही. एकट्यानं खेळायचे, कथा असलेले गेम बहुतेक डिस्कवर पूर्ण असतात, पण नाव टाकून शोधून मगच पैसे द्या.

मागचे गेम चालण्याचं गणितही बघा. पीएस २ वर पीएस १ च्या डिस्का चालायच्या. पीएस ४ वर पीएस ३ ची एकही डिस्क चालत नाही, कारण पीएस ३ चा प्रोसेसर एकदमच वेगळ्या घडणीचा होता. पीएस ५ वर मात्र पीएस ४ चे जवळपास सगळे गेम चालतात. म्हणून आज पीएस ४ च्या डिस्का घेतल्या तर उद्या वाया जाणार नाहीत.

---

मांजराथडी (लातूर)

मी भर घालतो. दोन लेकरांसाठी आणि असल्या नेटसाठी मी चांगल्या स्थितीतला, डिस्कवाला पीएस ४ घेईन. पीएस ५ गेम चालू असताना २०० वॅटच्या आसपास लाईट खातो. घरच्या इन्व्हर्टरवर टीव्हीसकट तो चालेल, पण बॅकअप झपाट्यानं उतरेल. दोन्ही पिढ्यांत एक धोका आहे जो कॅसेटीला नव्हता: सेव्ह होताना किंवा अपडेट लिहिला जात असताना लाईट गेली तर डेटा बिघडू शकतो. आपल्याकडची कॅसेट बिचारी काही लिहीतच नव्हती. म्हणून स्टेबिलायझर आणि छोटा यूपीएस, हा खर्च कन्सोलच्या किमतीत धरूनच चला. मे महिन्यात आपल्याकडं पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा बंद कपाटात ठेवू नका, मागून चार बोटं जागा सोडा. जुना घेतला तर पंख्यातली धूळ आधी काढून घ्या.

दुसरा रिमोट पहिल्याच दिवशी घ्या, ताईंनी लिहिलंय ते वाचून हे सांगतोय. भाचीच्या वाट्याला 'तुझं झाल्यावर' येऊ नये.

आणि मशीन थेट गावाला नेऊ नका. नांदेडला तुमच्या घरी चांगल्या नेटवर लावा, सिस्टिमचा अपडेट पूर्ण होऊ द्या, जे गेम देणार त्यांच्या डिस्का एकेक करून बसवा, त्यांचेही अपडेट घ्या. पीएस ५ चा नवा, काढता-घालता येणाऱ्या ड्राइव्हचा प्रकार घ्यायचं ठरलं तर तो ड्राइव्ह पहिल्यांदा जोडताना नेट लागतंच, तेही तिथंच उरकेल. नंतर नेट बंद करून प्रत्येक गेम एकदा चालवून बघा. बंद नेटवर जो चालला तोच मुखेडला पाठवा.

---

गोदातीर (नांदेड)

पीएस ४ चं पक्कं करतो. येत्या रविवारी वजिराबादेत बघायला जातोय. इट टेक्स टूची डिस्क पीएस ४ ला आहे का, आणि बंद नेटवर दोघांना चालेल का, बालाघाटरांग ताई?

---

बालाघाटरांग (अंबाजोगाई)

पीएस ४ ला आहे, माझ्याकडं तीच डिस्क आहे. एका टीव्हीवर दोन रिमोट घेऊन खेळायला नेट लागत नाही. बोलणं इंग्रजीत आहे, त्यामुळं पहिले काही दिवस तुम्ही किंवा बहीण शेजारी बसा. भाची लहान असेल तर तिला मे ही बाहुली द्या, भाच्याला कोडी नावाचा बाहुला. भांडण झालं तर रिमोट अदलाबदल करा, दोघांचं काम प्रत्येक टप्प्यात वेगळं असतं.